घर बघायला जायचं तर रात्री नऊनंतर जा

रत्नागिरी-चिपळूणकडे फ्लॅट बघायला लोक दुपारी जातात. तेव्हा आवार मोकळंच असतं. एकदा रात्री नऊनंतर जा आणि जमलं तर गणपतीत किंवा शिमग्यात जा. मुंबईचे चाकरमानी गाड्या घेऊन उतरले की शेजाऱ्यांची खरी सवय दिसते: कोण गेटसमोर गाडी लावतो, कोण सांगितल्यावर लगेच काढतो. अरुंद पाखाडीच्या वाटेवर आडवी गाडी म्हणजे रुग्णवाहिका अडकली, हे विसरू नका.

‘ही पार्किंगची जागा तुमचीच’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. मोकळी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलंय. ती वाटून देते सोसायटी. म्हणून सोसायटीचं वाटपपत्र मागा, सभेचा ठराव वाचा. बंद गॅरेज घेत असाल तर त्याचा उल्लेख करारात हवाच.

स्वतंत्र घर असेल तर गडग्यापर्यंतची, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपर्यंतची वाट कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते तपासा आणि वहिवाट खरेदीखतात लिहून घ्या.

विकणाऱ्यांनो, शेजाऱ्याशी गाडीवरून वाद असेल तर गिऱ्हाईक येण्याआधी मिटवा. असा वाद दारातच भाव पाडतो.