पिल्लांच्या शेडमध्ये वायरचा थर्मोस्टॅट काढून वायरलेस बसवताना

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्रीही पहिल्या आठवड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाला पाठीपाशी ३३ ते ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. गावाकडच्या बहुतेक शेडांत ही ऊब २५० वॅटचे बल्ब देतात आणि त्यांची चालू-बंद खांबावरचा थर्मोस्टॅट करतो.

अडचण त्या खांबाचीच आहे. थर्मोस्टॅट चार-पाच फूट उंचीवर असतो, पिल्लाची पाठ तुसापासून जेमतेम ५ सेंटिमीटर वर. दोन्हीकडचं तापमान एक नसतं. शिवाय चिक गार्डचं, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाचं, रिंगण दोन-तीन दिवसांनी मोठं करावं लागतं. पिल्लं सरकतात, थर्मोस्टॅट जागचा हलत नाही. वायरलेस घेण्याचं खरं कारण हे: तापमान मोजणारा डबा पिल्लांसोबत फिरतो. उंदीर-घुशींनी वायर कुरतडणं थांबतं आणि तुसावर लोंबणारी २३० व्होल्टची वायर जाते, हा वरचा फायदा.

घेताना आधी तापमानाची कमाल मर्यादा बघा. घर गरम ठेवण्यासाठी बनवलेले बरेच वायरलेस थर्मोस्टॅट ३० किंवा ३५ अंशांपुढे सेटच होत नाहीत. आपल्याला ४० पर्यंत जाणारा हवा. दुसरं, रात्री आपोआप तापमान उतरवायचा कार्यक्रम त्यात आधीच भरलेला असू शकतो. माणूस पांघरूण घेतो म्हणून तो ठीक, पिल्लांसाठी घातक. तो पूर्ण बंद करून एकच स्थिर तापमान ठेवता आलं पाहिजे. वायफायवर चालणारा शेतावरच्या शेडसाठी घेऊ नका. राऊटर बंद पडला की काय होईल याचा भरवसा नाही. डबा (म्हणजे थर्मोस्टॅट) आणि रिसीव्हर (त्याचा हुकूम ऐकून चालू-बंद करणारा, पॅनलजवळचा भाग) थेट रेडिओनं बोलतात तो प्रकार बरा.

आता लोड. हिशेब पिल्लामागे २ वॅटचा धरतात. १००० पिल्लांना २००० वॅट, म्हणजे २५० चे ८ बल्ब, म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर. रिसीव्हरवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून बल्ब थेट त्यालाच जोडण्याची चूक सगळ्यांत जास्त होते. तार थंड असताना बल्ब पहिल्या क्षणी दहापटीच्या आसपास करंट ओढतो. दिवसभर चालू-बंद होता होता रिलेचे (रिसीव्हरमधल्या छोट्या स्विचचे) कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात, बल्ब बंदच होत नाहीत आणि दुपारी पिल्लं उष्णतेनं मरतात. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा मोठा स्विच, हवाच: दोन पोल, २५ अँपिअर, २३० व्होल्ट कॉइल. सोबत १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जास्त करंट झाला की लाईन तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा), कंट्रोलसाठी २ अँपिअरचा वेगळा एमसीबी, लोडला २.५ आणि कंट्रोलला १ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. रिसीव्हरचा डबा प्लास्टिकचा घ्या. लोखंडी पॅनलच्या आत रेडिओ अडतो.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण काय चाललंय ते तुम्हाला कळलं पाहिजे. मेन बंद करा, टेस्टरनं फेज, न्यूट्रल, अर्थ या तिन्ही वायर तपासा. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये एक वायर फेज आणते, दुसरी बल्बांकडे नेते. त्या दोन्ही थेट पॅनलपर्यंत काढून टाका. खांबावर नुसती टेप लावून सोडलेल्या वायरमुळे पुढच्या बॅचला कुणीतरी गोंधळतोच.

कंट्रोलच्या एमसीबीतून फेज रिसीव्हरच्या एल टर्मिनलला आणि तिथूनच एक तुकडा कॉमला (रिलेत करंट शिरतो ते टोक). न्यूट्रल एनला. एनओमधून (रिले लागली की जोडलं जाणारं टोक) निघालेली वायर कॉन्टॅक्टरच्या ए१ ला, ए२ ला न्यूट्रल; ए१-ए२ ही कॉइलची दोन टोकं. मोठ्या एमसीबीतून फेज कॉन्टॅक्टरच्या एका पोलमधून आणि न्यूट्रल दुसऱ्या पोलमधून बल्बांकडे. एनओऐवजी एनसीला (रिले बंद असताना जोडलेलं टोक) वायर गेली तर काम उलटं होतं: शेड तापली की बल्ब लागतात, थंड झाली की विझतात. न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या खालून घ्या. शेजारच्या लाइटच्या सर्किटमधून घेतला तर आरसीसीबी वारंवार पडतो, आणि दोष मात्र आरसीसीबीला दिला जातो. होल्डर, रिफ्लेक्टर, पॅनल यांना अर्थिंग द्या. तुसाच्या शेडमध्ये ठिणगी परवडत नाही.

जुना थर्मोस्टॅट चांगला असेल तर फेकू नका. पॅनलजवळच्या खांबावर लावून एनओ आणि ए१ यांच्यामध्ये सिरीजमध्ये घाला. पिल्लं समाधानी असताना त्या जागी किती अंश आहेत ते बघा आणि त्याहून ४ अंश वर सेट करा. रिसीव्हर चालूच अडकला तर हा बल्ब तोडेल. कॉन्टॅक्टर स्वतःच चिकटला तर मात्र तोडू शकणार नाही. ८ पैकी २ बल्ब साध्या बटणावर वेगळे ठेवले की कंट्रोल बंद पडलं तरी पिल्लं अगदी थंडीत राहत नाहीत.

गावच्या लाईनचा प्रश्न वेगळाच. रात्री व्होल्टेज १८० वर आलं की २५० वॅटच्या बल्बची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते, आणि कॉन्टॅक्टर नीट ओढला जात नाही. १९५ व्होल्टच्या खाली तो खडखडू लागतो; त्या खडखडीत कॉन्टॅक्ट जळतात. फक्त रिसीव्हर आणि कॉइलसाठी टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर लावला तर हे थांबतं. बल्ब स्टॅबिलायझरवर नकोत, दोन-तीन जास्तीचे होल्डर ठेवा.

जोडी जुळवणं सोपं: रिसीव्हरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, मग थर्मोस्टॅटवरचं. कुठलं आधी, हे मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. जुळल्यावर थर्मोस्टॅट हातात घेऊन शेडभर फिरा आणि प्रत्येक कोपऱ्यातून तापमान वर-खाली करून कॉन्टॅक्टरचा टक आवाज येतो का ऐका. टिनाचा पत्रा आणि तारेची जाळी रेडिओ अडवतात. आवाज येत नसेल तर रिसीव्हर फूटभर सरकवल्यानंही फरक पडतो.

थर्मोस्टॅट ठेवायची जागा हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. बल्बच्या थेट खाली ठेवलात तर प्लास्टिकच तापतं, आकडा जास्त दिसतो आणि पिल्लं गारठतात. प्रकाशाच्या कडेला, गार्डच्या १५-२० सेंटिमीटर आत, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर दोरीनं टांगा. भोवती प्लास्टिकच्या जाळीचा लहान पिंजरा हवा, नाहीतर पिल्लं बटणं टोचतात. धूळ लागू नये म्हणून पन्नी गुंडाळू नका. आतल्या सेन्सरला हवा लागत नाही आणि तो दहा-पंधरा मिनिटं मागे पडतो. पिल्लं वाढतील तशी दोरी वर घ्या.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी बल्ब लावून ठेवा. शेजारी साधा थर्मामीटर अर्धा तास टांगून आकडा जुळवा. फरक असेल तर थर्मोस्टॅटमध्ये तेवढी दुरुस्ती भरा. चालू-बंदमधलं अंतर अर्धा ते एक अंश ठेवा. मग मेन दोन मिनिटं बंद करून परत लावा. लाईन आल्यावर काहीही न दाबता बल्ब लागले पाहिजेत. नंतर थर्मोस्टॅटचे सेल काढून बघा, संपर्क तुटल्यावर रिसीव्हर काय करतो. बरेचसे थोड्या वेळानं बल्ब बंद करतात. रात्री दोनला असं झालं तर काय करायचं, हे शेडवर झोपणाऱ्याला माहीत पाहिजे: कॉम आणि एनओला समांतर एक बटण लावून त्यावर ठळक नाव लिहून ठेवा.

तरीही आकड्यापेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कडेला पळून चोच उघडून धापत असतील तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला जमली तर त्या उलट बाजूच्या पडद्यातून वारा येतोय. तिथे थर्मोस्टॅट वाढवू नका, बारदाना नीट बांधा.

सेल अल्कलाइन घ्या आणि प्रत्येक बॅचला नवे टाका. ओल्या तुसातल्या अमोनियानं सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, त्या कोरड्या कापडानं पुसून घ्या. बॅच निघाल्यावर शेड धुण्याआधी, औषध फवारण्याआधी थर्मोस्टॅट काढून सेल बाहेर काढा आणि घरात ठेवा. फॉर्मलिनचा धूर त्याच्या आत गेला नाही पाहिजे.