कुत्र्याच्या पिल्लाचे केस गळतायत, खाज सुटलीय? आधी कारण शोधा

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात पिल्लाचं अंग लवकर वाळत नाही, पिसवाही वाढतात. म्हणून सुरुवात पिसवांपासून. शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

मग टक्कल कुठे पडलंय ते बघा. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर चट्टे आणि खाज फारशी नाही, तर बहुधा डेमोडेक्स, म्हणजे त्वचेत राहणाऱ्या सूक्ष्म किडींचा त्रास. कानांच्या कडा, कोपरं आणि झोपू न देणारी खाज, तर खरूज. ती माणसालाही लागते. कोंडा धरलेला गोल चट्टा नायट्याचा असू शकतो, तोही लागतो. डॉक्टरांना त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगाच. त्याआधी स्टेरॉइड नको: खाज थांबते, पण डेमोडेक्स आणि नायटा बळावतात. गाडीचं जळकं ऑइल तर मुळीच लावू नका, पिल्लू ते चाटतं.

पिसवांची गोळी वजनावर ठरते. बऱ्याच गोळ्या 8 आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला चालत नाहीत. आयव्हरमेक्टिन हे किडींवरचं औषध अंदाजाने देऊ नका, कॉली जातीच्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं. औषधी शाम्पू 10 मिनिटं अंगावर ठेवा, धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट कोरडं करा. अंथरूण दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. पिसवांचे कोष घरातच दडलेले असतात, म्हणून उपचार किमान 3 महिने चालू ठेवा.