बाळाची लघवी लाल आणि कावीळ पण, मग लिव्हरकडं लक्ष कसं ठेवायचं

दुपट्यावर विटकरी डाग पहिल्या काही दिवसांत बऱ्याच बाळांना पडतो आणि जातो. पण लघवी बिटाच्या पाण्यासारखी येतच राहिली आणि उजेडात नेलं की अंगावर फोड उठले, तर जन्मजात पोरफायरिया असू शकतो, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लै दुर्मीळ आजार आहे, पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. पोरफिरिन, म्हणजे रक्ताचा लाल रंग बनताना मधे तयार होणारा पदार्थ, रक्तात, कातडीत, दातात साठतं आणि त्यावर उजेड पडला की कातडी भाजते.

सगळ्यात आधी, काविळीसाठी बाळाला निळ्या लाइटखाली ठेवायच्या आत ही शंका सांगा, कारण हा आजार असेल तर त्याच लाइटनं बाळ भयंकर भाजतं. लघवीचा नमुना देताना डबीला फॉइल गुंडाळा, उजेडात पोरफिरिन नासतं आणि रिपोर्ट चुकतो.

आता लिव्हरचं. एरवी लघवी गडद झाली की कावीळ वाढली असं आपण ओळखतो, पण या बाळाची लघवी कायमच लाल त्यामुळं त्यावरून काही कळत नाही, म्हणून शी बघा, रोज, घरातल्या बल्बच्या उजेडात नाही, तर फक्त दुपटं खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात नेऊन. पिवळी, हिरवट असेल तर ठीक. पांढरट, खडूसारखी किंवा मातकट फिकी दिसली तर पित्त आतड्यात उतरत नाही, फोटो काढा आणि त्याच दिवशी दाखवा. नुसत्या रक्तपेशी फुटून झालेल्या काविळीत शीचा रंग जात नाही, म्हणून बिलिरुबिन (काविळीचा पिवळा पदार्थ) डायरेक्ट किती आणि इनडायरेक्ट किती ते वेगवेगळं मागा, सोबत एसजीपीटी, अल्ब्युमिन, पीटी आयएनआर या लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी. पोट फुगत चाललं, नाळेतून किंवा हिरडीतून रक्त आलं, बाळ सुस्त पडून दूध ओढेना झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कोल्हापूरचं सीपीआर सरकारी हॉस्पिटल गाठा नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल.

या आजारात रक्तपेशी फुटतात, त्यामुळं रक्त वारंवार चढवावं लागलं की लोह लिव्हरमध्ये साठतं. म्हणून फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहायचं आणि फिकं दिसतंय म्हणून मनानं लोहाचं टॉनिक सुरू करायचं नाही.

घरच्यांना समजावणं मात्र अवघड, हे मला माहितेय. आज्जी मायेनंच म्हणते की कोवळ्या उन्हात धरा, कावीळ उतरेल, गावात औषध देणारे आहेत त्यांच्याकडं न्या. आज्जीला शांतपणे सांगा की या बाळाला कोवळं ऊनसुद्धा सोसत नाही आणि झाडपाल्याचं औषध आधीच दमलेल्या लिव्हरवर पडतं. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टर देतील. जोतिबाला न्यायचंय तर दिवस मावळल्यावर निघा, गाडीची काच लावून भागत नाही, कातडी भाजणारा ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट उजेड साध्या काचेतून आत येतोच.

बाळाच्या आईला कुणी बोल लावत असेल तर तिथंच थांबवा. दोष आई-बाबा दोघांकडून एकेक आलेला असतो, पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी या बाळाची जनुक तपासणी करून रिपोर्ट जपून ठेवा.