जुनं कुराण घरात सापडलं तर या चुका टाळा

बडोद्यात रावपुऱ्यातलं किंवा दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर कधी भाडेकरूचं गाठोडं निघतं. आत कुराणाची सुटी झालेली पानं असतात, नाहीतर मुलांना शिकवायचा सिपारा, म्हणजे कुराणाचा एक भाग. आपल्या घरांत अशा वेळी हेतू चांगला असूनही गफलत होते.

पस्तीत टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. त्या कागदाच्या उद्या पुड्या होतील किंवा तो पायदळी येईल, आणि मुसलमान घराला हेच सहन होत नाही. तिथे कुराण जुजदानात, म्हणजे कापडी वेष्टनात, गुंडाळून उंचावर ठेवतात, वाचताना रेहलवर, म्हणजे लाकडी घडीच्या स्टँडवर, ठेवतात, वजू, म्हणजे नमाजाआधीसारखे हातपाय-तोंड धुणं, केल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हणून हात धुऊन पानं स्वच्छ कापडाने उचला, जमिनीवर पसरू नका. उलट, उर्दू लिपीतला प्रत्येक कागद कुराणाचा नसतो. त्यात कादंबरी असेल, जुनी पावतीही असेल. वाचता येणाऱ्याला दाखवा. उर्दू वर्तमानपत्रात किंवा लग्नपत्रिकेत आयत, म्हणजे कुराणातलं वचन, छापलेली असली, तर तेवढा भाग कापून वेगळा ठेवतात.

पोथ्यांसारखं विसर्जन करू, असं पुष्कळांना वाटतं. वाहत्या, खोल पाण्यात वजन बांधून सोडण्याची रीत मुसलमानांतही आहे. पण विश्वामित्री नदीला पावसाळा सोडला तर पाणी असतं किती? पानं काठाच्या कचऱ्यात अडकतील. सूरसागर तर साचलेलं तळं.

गच्चीवर जाळणं नकोच. तिसरे खलिफा उस्मान यांनी इ.स. ६५०च्या सुमारास कुराणाच्या प्रमाण प्रती तयार करवल्या आणि बाकीच्या जाळायला लावल्या. त्या आधारावर काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, जाळणं मान्य करतात. मात्र आपल्याकडे बहुतेक मुसलमान हनफी रीतीचे, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या एका परंपरेचे, आहेत, आणि त्यांच्यात दफन करणं चांगलं मानतात. शिवाय दुसऱ्याच्या घरातला धूर बघणाऱ्याला आपला हेतू दिसत नाही.

दफनही परस्पर परसात करू नका, उद्या तिथेच संडासाची टाकी खणली जाईल. पानं स्वच्छ कापडात गुंडाळून, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी, बहुधा कब्रस्तानाच्या कोपऱ्यात पुरतात. माती थेट पानांवर पडू नये म्हणून खड्ड्याच्या बाजूला कोनाडा करतात, नाहीतर वर फळी टाकतात. हे त्यांचं त्यांना करू द्या. जवळच्या मशिदीत इमामसाहेबांना ‘शहीद पानं’, म्हणजे कुराणाची फाटलेली, जीर्ण पानं, आहेत एवढं सांगितलं तरी पुरतं. अनेक मशिदींत अशा कागदांसाठी पेटीच असते.

मात्र प्रत हाताने लिहिलेली असेल तर दफनाची घाई नको, आणि हे मला कळकळीने सांगायचं आहे. १९७२ साली येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताखालून जुन्या पानांचा ढीग निघाला. त्यांतली काही हिजरीच्या, म्हणजे इस्लामी कालगणनेच्या, पहिल्या शतकातली ठरली. बडोद्यात मांडवीजवळच्या जुम्मा मशिदीत हाताने लिहिलेलं भव्य कुराण आजही जपलेलं आहे. इमामसाहेबांच्या संमतीने अशी प्रत आधी प्राच्यविद्या मंदिर या बडोद्यातल्या जुन्या हस्तलिखितांच्या संस्थेतल्या जाणकारांना दाखवा.

प्रत देण्याआधी पहिलं आणि शेवटचं कोरं पान उघडून बघा. काही घरांत तिथे मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात. तशा असल्या तर भाडेकरूच्या नातेवाइकांचा शोध घ्या. प्रत त्यांची आहे, पुढे काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.