पार्टनर मारतो आणि कुणाला सांगताही येत नाही, तेव्हा काय करायचं

सगळ्यात आधी ‘आमची भांडणं होतात’ असं म्हणणं बंद कर. भांडणात दोघं ओरडतात आणि मग दोघंही झोपतात. एक जण हात उचलतो आणि दुसरा संध्याकाळपासून त्याचा मूड काय असेल याचा अंदाज लावत बसतो, ती मारहाण असते. मी गे आहे, माझा पार्टनर मला मारायचा आणि अडीच वर्षं मी त्याला भांडणच म्हणत होतो. पुण्यात वन बीएचके, घरमालकासाठी आम्ही रूममेट, जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज आला की मी आधी टीव्ही बारीक करायचो आणि पायऱ्या कशा चढतोय त्यावरून आजची रात्र कशी जाणार ते मला कळायचं. मे महिन्यात फुल शर्ट घालून ऑफिसला गेलोय, एसीची थंडी वाजते म्हणून सांगायचो. शेजारच्या काकूंना सगळं ऐकू जायचं, त्यांना वाटायचं पोरं भाड्यावरून भांडतायत. आपल्या नात्यांत हेच होतं, नवराबायको असते तर कुणीतरी दार वाजवलं असतं, दोन मुलगे म्हटल्यावर कुणी वाजवत नाही.

‘तू पण पुरुष आहेस, उलटून का नाही मारलंस’ हे ऐकावं लागतं, स्वतःच्या मनातून पण. मी एकदा ढकललं होतं त्याला आणि पुढे वर्षभर तो तेच दाखवून म्हणायचा की तू पण मारतोस. तेव्हा कुणी किती वेळा हात उचलला ते मोजत बसू नकोस, घाबरून कोण राहतंय ते बघ. आणि मारच पाहिजे असं नाही. पगार काढून घेणं, फोन तपासणं, नको असताना सेक्स, कंडोम काढून टाकणं, ‘तुझ्या घरी सांगेन’, ‘तुझा एचआयव्ही रिपोर्ट ऑफिसच्या ग्रुपवर टाकेन’, हे सगळं त्यातच येतं. बाय, म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही आवडणाऱ्या मुलांना तर रोज ऐकावं लागतं की तू शेवटी मुलीशीच लग्न करणार, आणि लग्न झालेलं असेल तर बायकोला सांगायची धमकी कायम डोक्यावर. मारणारी बायको किंवा गर्लफ्रेंड असली तरी हे सगळं तसंच लागू आहे.

आता काय करायचं ते. पहिलं काम, एक माणूस शोध. एकच. मित्र, मावसबहीण, ऑफिसमधली कुणी, जिला तू गे आहेस हे माहीत आहे किंवा सांगितलं तर चालेल. तिच्याशी एक साधा शब्द ठरव, माझा आणि माझ्या मैत्रिणीचा होता ‘चार्जर’. मी ‘चार्जर विसरलोय’ असा मेसेज टाकला की तिने लगेच फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर ११२ लावायचा. असा कुणीच नसेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांसाठीची संस्था १९९४ पासून आहे, तिथे तुला आधी ‘गे म्हणजे काय’ पासून सुरुवात करावी लागत नाही.

मग फोन. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघ, गूगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग बघ, गूगल अकाउंट कुठे कुठे लॉगिन आहे ते बघ. पण एकदम सगळं बंद केलंस तर त्याला कळेल आणि त्याच रात्री त्रास होईल, म्हणून निघायच्या दिवसापर्यंत महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून कर. यूपीआयचा पिन बदल. आधार, पॅन, पासपोर्ट, मार्कशीट हे हळूहळू मैत्रिणीकडे नेऊन ठेव. लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटवर कुणाचं नाव आहे ते बघ, कारण नाव फक्त त्याचं असेल तर घरावर आणि डिपॉझिटवर भांडत बसू नको, पैसे गेले तर जाऊदेत. आणि ‘मी सोडून चाललोय’ हे तोंडावर सांगायला थांबू नकोस, निघायची वेळच सगळ्यात धोक्याची असते. तो कामावर असताना निघ.

गळा दाबला असेल तर हे नीट वाच. गळ्यावर वळ नसला तरी आत सूज येऊ शकते, आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर, यातलं काहीही असेल तर त्याच रात्री हॉस्पिटल. एकदा गळा दाबणारा माणूस पुढे जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, मला हे एका डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो. हॉस्पिटलमध्ये ‘पडलो’ म्हणू नकोस, मारलं म्हण आणि एमएलसी, म्हणजे पोलिस केससाठीची मेडिकल नोंद, करायला सांग, ते कागद पुढे कामाला येतात. जबरदस्तीने कंडोमशिवाय सेक्स झाला असेल तर एचआयव्ही टाळायची पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, २८ दिवस घ्यायची, जितकं लवकर तितकं बरं.

कायद्याचं खरं खरं सांगतो. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त बायकांना संरक्षण देतो, आपल्याला नाही. लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात जुन्या कायद्यातलं कलम ३७७ नाही, पुरुषावरच्या बळजबरीला तेच लागायचं, म्हणजे आता पुरुषावर बळजबरी झाली तर त्याला वेगळं कलमच उरलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. पण म्हणून हात रिकामे नाहीत. साधी मारहाण कलम ११५, त्यात बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. हाड मोडलं तर ११७, हत्यार वापरलं तर ११८. पैसे उकळत असेल तर ३०८. खाजगी फोटो टाकले तर आयटी कायद्याचं ६६ई, आणि त्यासाठी १९३० ही सायबर हेल्पलाइन. चौकीत ‘सोबत राहणाऱ्याने मारलं’ एवढं सांगितलं तरी तक्रार होते, तू गे आहेस ते सांगायची सक्ती नाही. मी गेलो त्या चौकीत हवालदार म्हणाला ‘मित्र मित्र आहात, मिटवा’ आणि मी परत आलो, तू एकटा जाऊ नकोस, कुणाला तरी घेऊन जा. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर मोफत कायदेशीर मदतीबद्दल विचार. आणि तो ‘तुलाच आत टाकतील’ म्हणत असेल तर ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान पुरुषांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही, हे पाठ करून ठेव. एचआयव्ही रिपोर्ट परवानगीशिवाय उघड करण्याविरुद्ध पण २०१७ चा कायदा आहे.

घरी सांगायची धमकी मात्र कुठल्याच कलमाने पूर्ण जात नाही. तिच्यावर मला एकच उपाय सापडला, घरातल्या एका माणसाला आपणच आधी सांगणं. मी ताईला सांगितलं, ती दहा मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली ‘जेवलास का?’. पण घरून मार बसेल, कोंडून ठेवतील अशी भीती असेल तर सांगू नकोस, आधी राहायची सोय कर.

डोक्याचं काय होतं ते बाहेर पडल्यावर कळतं. झोप येत नाही, दाराची बेल वाजली की छाती धडधडते, दारू वाढते, आपणच नालायक म्हणून असं झालं असं वाटत राहतं. आयुष्यभर लपून राहायची सवय असते ना, त्यामुळे हा मारही आपण सहज लपवतो. १४४१६ वर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटत असेल तर त्या रात्री एकटा राहू नकोस, फोन कर आणि कुणाच्या तरी घरी जाऊन झोप. काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सरळ विचार, गे क्लायंट्सबरोबर काम केलंय का. ‘बदलून देतो’ म्हणाला तर उठून ये, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी तो गैरव्यवहार ठरवलाय.

आणि तुला त्याची आठवण येईल, खूप येईल. मलाही आली, त्याने केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीची सुद्धा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याचा ‘सॉरी’ येतो तो बहुतेक अशाच रात्री येतो. त्यासाठी निघायच्या आधीच तारखेसकट लिहून ठेव काय काय झालं ते, ती चिठ्ठी मैत्रिणीकडे दे आणि तिला सांगून ठेव, मी परत जातो म्हणालो की मला हे मोठ्याने वाचून दाखव. माझ्या मैत्रिणीने तीनदा वाचली.