वस्तीतल्या मुलामुलींच्या हाती कार्यक्रमाची सूत्रे कशी सोपवावीत

वस्तीतील तरुणांमध्ये नेतृत्व घडवायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी एखादा व्याख्याता बोलावला जातो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि आयोजक फोटो काढून मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील निर्णयक्षमता, संवाद, ताण हाताळणे ही जीवनकौशल्ये भाषण ऐकून येत नाहीत. निर्णय चुकला तर खरोखरच काही बिघडेल, असे काम त्यासाठी हाती द्यावे लागते. कोल्हापुरात ते शोधायला दूर जावे लागत नाही, कारण पोवाडा, हलगी, लेझीम आणि मर्दानी खेळ इथल्या पेठांत आणि तालमींत अजून जिवंत आहेत.

या कलांच्या कार्यक्रमासाठी निमित्त म्हणून २६ जूनची राजर्षी शाहू जयंती घ्यावी आणि परीक्षा संपताच तयारीला लागावे. पंधरा-वीस जणांचा गट पुरतो. त्यात शाळा सुटलेली, गॅरेजमध्ये किंवा धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी मुलेमुली हवीतच. सरावाची वेळ पक्की करण्याआधी मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या आईशी बोलावे आणि परतताना सोबत कोण असेल, हे ठरवून घ्यावे. मर्दानी खेळासाठी जाणता वस्ताद हवा. तो नसेल तर लाठीला हात लावू देऊ नये.

खरी कसोटी जबाबदाऱ्या सोपवताना लागते. निवेदन, हिशेब, परवानग्या, साहित्य आणि सराव अशी पाच कामे करून प्रत्येक काम दोघांकडे द्यावे व महिन्याने जोड्या बदलाव्यात. उत्तम हलगी वाजवणाऱ्यालाच प्रमुख करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याला टाळ्या मिळतातच. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला मात्र पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन जाण्याची आणि साहेबांशी नीट बोलण्याची संधी दुसरे कोणी देणार नाही.

मला स्वतःला सर्वांत अवघड गेले ते गप्प बसणे. जूनअखेर इथे पाऊस असतो, दमट हवेत हलगीचे चामडे सैल पडते, वाजवण्याआधी ती जाळावर शेकून घ्यावी लागते. त्यामुळे कार्यक्रम उघड्यावर घ्यावा की समाजमंदिरात, यावरून गटात हमखास वाद होतो. उत्तर आपल्याला ठाऊक असते, जिभेवरही आलेले असते, आणि ते आपण बोललो की त्या क्षणापासून कार्यक्रम आपला होतो. त्यांना जागा पाहू द्यावी, किती माणसे बसतील ते मोजू द्यावे, आवाज चढला तरी थांबावे. जिवाला धोका, मुलींची सुरक्षितता आणि पैशांची अफरातफर या तीनच गोष्टींत मोठ्यांनी मध्ये पडावे.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे. वर्गणी वस्तीतूनच, पावती देऊन गोळा करावी, भले ती दहा रुपयांची असो. ‘सुतळी ३० रुपये, चहा ६० रुपये’ अशी नोंद त्याच दिवशी वहीत व्हावी आणि खाली दोघांच्याही सह्या असाव्यात. स्वतःच्या छबीचा फलक लावण्याच्या अटीवर कोणी मोठी रक्कम देऊ केली तर ती नाकारावी. मात्र नकार मुलांनी विचार करून, स्वतःच्या तोंडाने द्यावा. आपण परस्पर दिलेल्या नकारातून ती काही शिकत नाहीत.

ध्वनिवर्धकाची परवानगी लेखी घ्यावी आणि रात्री दहाला तो बंद करावा. कार्यक्रमाच्या दिवशी आपण मंचावर न जाता प्रेक्षकांत बसावे.

त्यानंतर आठवड्याच्या आत वस्तीची बैठक बोलावून हिशेब मुलांनीच मोठ्याने वाचून दाखवावा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. प्रश्न बोचरे असले तरी आपण मुलांची ढाल होऊ नये. शिल्लक रकमेचे काय करायचे आणि गणेशोत्सवासाठी कोणते काम कोणत्या जोडीकडे द्यायचे, हे त्याच बैठकीत त्यांच्याकडून ठरवून घ्यावे.