रॅम ३६०० ला बूट होते, पण मेमटेस्टमध्ये एरर: दोष टीआरएफसीचा निघाला

डीडीआर४ रॅम, ८ जीबीच्या २ स्टिक, एक्सएमपी (कंपनीने दिलेली तयार सेटिंग) ३२०० वेग, सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा मिळेपर्यंत जाणारे क्लॉकचे ठोके). ३६०० सीएल१८ वर नेल्या, व्होल्टेज १.३५ वरून १.४० केले, तरी मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणारा प्रोग्राम) पाचेक मिनिटांत एरर येतच होते.

व्होल्टेज आणखी चढवण्यात अर्थ नव्हता. टीआरएफसी (एका रिफ्रेशसाठी, म्हणजे सेलमधला चार्ज ताजा करण्यासाठी, राखलेले क्लॉक) ५६० वर हाताने लॉक केलेला राहिला होता. हा आकडा क्लॉकच्या ठोक्यांचा असतो, वेळेचा नाही. ३२०० ला खरा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ (डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते), म्हणजे ५६० ÷ १६०० = ०.३५ मायक्रोसेकंद, म्हणजेच ३५० नॅनोसेकंद. ३६०० ला तेच ५६० होतात जेमतेम ३११, आणि तेवढ्यात रिफ्रेश पुरा होत नाही. ६३० केले की पुन्हा ३५०. एरर थांबले.

थांबले म्हणजे अर्धा तास. स्टिक तापल्यावर एखाददुसरा डोकावायचाच. टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधले अंतर, हेही क्लॉकमध्ये) वाढवून ३२७६८ ठेवला होता, म्हणजे दोन रिफ्रेशमध्ये १८ मायक्रोसेकंद. गरम सेलमधून चार्ज लवकर गळतो, त्याला एवढी सवड परवडत नाही. ऑटोवर टाकला, तो १४०४० च्या आसपास बसला (७.८ मायक्रोसेकंद). मग रात्रभर चाचणी स्वच्छ.

सीएल१६ @ ३२०० आणि सीएल१८ @ ३६०० दोन्ही १० नॅनोसेकंदच. फायदा फक्त बँडविड्थचा (सेकंदाला जाणाऱ्या डेटाचा). रायझन प्रोसेसर असेल तर एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) १८०० करून रॅमच्या क्लॉकशी १:१ ठेवा.

चाचणी पेनड्राइव्हवरूनच, विंडोज सुरू करण्याआधी. डळमळीत रॅमवर विंडोज चालवली की फाइली गुपचूप खराब होतात. स्क्रीनच आली नाही तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग मूळ स्थितीत येतात.